पुढचे दोघे सोडून बोला

किस्से जमवावे लागत नाहीत हो, ते आपोआप जमतात, कपाटामागं जळमटं जमतात तसे. तुम्ही आपले जुने फोटो ओळखायला बसलेले असता, रविवारची सकाळ असते, पोह्यांवर सेव पडलेली असते, आणि तेवढ्यात कोणीतरी असं काही बोलून जातं की फोटो राहतो बाजूला! आमच्या मंडळींनी आजवर फोटो किती ओळखले असं विचाराल तर मी जरा खोकेन. किस्से किती असं विचाराल तर मात्र चहा टाका आणि बसा.

आधी आमचा उद्योग सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हे म्हातारे करतात तरी काय! पूर्वी टॉकीजच्या दारात काचेच्या पेट्यांमधे सिनेमाचे फोटो लावलेले असायचे, आठवतं? हीरो हीरोईनकडे बघतोय, व्हिलन दोघांकडे बघतोय आणि आपण तिकिटाच्या लाइनीतून तिघांकडे बघतोय. त्या फोटोंना स्टिल म्हणतात. आमचे प्रभाकरराव साठे सरकारी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, रामबागेत राहतात. शहरातली एक जुनी टॉकीज बंद पडली, तिचं सामान भंगारात निघालं. प्रभाकरराव तिथली एक जुनी खुर्ची आणायला म्हणून गेले आणि गोणीभर स्टिल घेऊन आले. शैलावहिनी अजून विचारतात, "अहो, खुर्ची कुठाय?"

गोणीतले सगळे फोटो काळे-पांढरे, आणि बहुतेकांच्या मागं काहीच लिहिलेलं नाही. कुठला सिनेमा, कोण माणसं, काही पत्ता नाही. ते शोधून काढायचं, हाच आमचा रविवार. प्रभाकरराव आणि शैलावहिनी, सियागंज बाजारातले हार्डवेअरचे व्यापारी सुरेश भिया (आमच्याकडे भैयाचं भिया होतं), शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या नलूताई भागवत, आणि मी दिघे. मी पोलोग्राउंडला एका पंपाच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. उभा जन्म भिंग डोळ्याला लावून कास्टिंगमधे खोट काढली. नोकरी सुटली तरी भिंग काही सुटलं नाही, बायको म्हणते तशी खोट काढायची सवयही सुटली नाही.

आमचे नियम कडक. एकानं ओळखलं तर फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहायचं. दुसऱ्यानं, वेगळ्या खुणेवरून, तेच सांगितलं तर पेननं. म्हणजे दोन साक्षीदार पाहिजेतच. आणि कोणालाच जमलं नाही तर फोटो जातो नमकीनच्या एका मोठ्या रिकाम्या डब्यात. त्या डब्याला आम्ही धर्मशाळा म्हणतो. कोणी आठवड्यात उठून जातं, कोणी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतं.

•

हे नियम आले कुठून? प्रभाकररावांच्या घाईतून!

सुरुवातीला काय व्हायचं, फोटो हातात आला रे आला की प्रभाकरराव नाव फेकायचे. तेही छातीठोक. त्यांची स्मरणशक्ती खरंच दांडगी आहे, खोटं कशाला बोलू. पण दांडगी स्मरणशक्ती असलेल्या माणसाला वाटतं, बघायची गरजच काय!

एकदा एक फोटो निघाला. बाग, झोपाळा, झोपाळ्यावर मुलगी, मागं उभा हीरो. प्रभाकररावांनी लांबूनच हात केला. "डाव्या गालावरचा तीळ बघा! या माणसाला मी झोपेतसुद्धा ओळखेन." आणि खिशातून पेन काढून मागं नाव लिहूनही टाकलं.

शैलावहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ट्रेवरूनच वाकून त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "पदर उजव्या खांद्यावर आहे."

"गुजराती पद्धत असेल."

"असेल बाई. आणि मागच्या माणसाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे आहे. तो पण गुजराती का?"

संपलं! फोटोच उलटा छापलेला होता. म्हणजे तीळ उजव्या गालावरचा, म्हणजे हीरो दुसराच! सुरेश भियांनी कप खाली ठेवला आणि मान हलवली. "प्रभाकरजी, तिल देखके तो कोई लड़का भी पसंद नहीं करता."

त्या दिवशी घरातलं पेन शैलावहिनींच्या ड्रॉवरमधे गेलं. दोन साक्षीदार झाल्याशिवाय त्या ते बाहेर काढत नाहीत. आणि प्रभाकररावांनी स्वतःहून, स्वतःच्याच तोंडानं नियम केला: आधी दिसतंय ते बोला, मग आठवतंय ते. स्वतःची चूक अशी सगळ्यांच्या कामाला लावणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

•

नलूताई आमच्यात आल्या त्या शैलावहिनींच्या ओळखीनं. आम्हाला वाटलं, बाईंना जुन्या सिनेमांचा शौक असेल. पहिल्याच दिवशी एक फोटो त्यांच्यापुढं ठेवला, तर त्यांनी तळहात टेकवून हीरो-हीरोईन दोघांनाही झाकून टाकलं आणि उरलेला फोटो बघायला लागल्या!

प्रभाकरराव कळवळले. "अहो ताई, तुम्ही हीरोईनच झाकलीत!"

"तिला ओळखणारे पुष्कळ आहेत," नलूताई म्हणाल्या. "पुढचे दोघे सोडून बोला."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. शाळेतल्या बाई त्या, आडवळण नाही. त्यांची थोरली बहीण कमल, बारा वर्षांनी मोठी. नाच चांगला करायची. घरच्यांना न सांगता मुंबईला गेली आणि सिनेमात लागली. हीरोईन वगैरे नाही, नाचणाऱ्या मुलींमधे मागच्या रांगेत. वडील जुन्या दरबारी कचेरीतले, अब्रूदार. त्यांनी घरात होते नव्हते तेवढे तिचे फोटो बंबात घातले आणि लोकांना सांगितलं, मुलगी नर्सिंग शिकायला गेली आहे. काही वर्षांत कमल तिकडेच तापानं गेली. ती घरातून गेली तेव्हा नलूताई सात वर्षांच्या होत्या.

"तिचा एक फोटो नाही घरात," त्या म्हणाल्या. "चेहरा आहे तो फक्त माझ्या डोक्यात. आणि माझ्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं हळूहळू जाईल. तेव्हा मला तुमची हीरोईन नको. मागची पोरगी पाहिजे. डोळे आहेत तोवर पाहिजे."

आम्ही पोह्याच्या प्लेटी खाली ठेवल्या. शैलावहिनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सापडेल हो, नक्की सापडेल."

"सापडेल म्हणू नका," नलूताई म्हणाल्या. "शोधू म्हणा."

•

आता मागचेच बघायचे म्हटल्यावर काय काय दिसतं, ते नलूताईंनी आम्हाला शिकवलं.

एक म्हातारा होता. टक्कल, मोठ्या मिशा, चेहरा कायम उपाशी असल्यासारखा. कोर्टाचा सीन असो, लग्नाचा असो, नाहीतर गावची पंचायत असो, गर्दीत हे गृहस्थ असायचेच! आमच्यापैकी कोणी त्यांच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. नलूताईंनी त्यांचं नाव मामा ठेवलं. "प्रत्येक कार्याला न बोलावता हजर, म्हणजे मामाच."

धर्मशाळेतला एक फोटो जाम हटत नव्हता. लग्नाचा मांडव, पुढचे चेहरे कोणाच्याच ओळखीचे नाहीत. नलूताईंनी तळहात ठेवला, भिंग लावलं आणि म्हणाल्या, "मामांच्या हनुवटीला पट्टी आहे."

"मग?"

"दाढी करताना कापलं असेल. तो कोर्टाचा फोटो काढा बरं, पेननं नाव लिहिलेला."

काढला. साक्षीदारांच्या बाकावर मामा, हनुवटीला तीच पट्टी, त्याच जागी, तशीच तिरकी! हनुवटी काही रोज कापत नाही. म्हणजे दोन्ही फोटो एकाच सिनेमाचे, एकाच आठवड्यात काढलेले. लग्नाचं नाव लागलं. प्रभाकररावांनी चक्क उभं राहून नमस्कार केला.

मग त्याच सिनेमाचा तिसरा फोटो सापडला. प्रेतयात्रा. पट्टी लावलेले मामा तिरडीला खांदा देत होते.

"कार्य कुठलं का असेना," शैलावहिनी म्हणाल्या, "मामा जेवूनच जाणार."

•

सुरेश भियांना सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. हीरोईन कोण विचारलं तर म्हणतात, "वो ही, सुंदर सी." पण फोटोत दार असलं की ते त्यांना द्यायचं!

एक स्टिल होतं राजवाड्याचं. सिंहासन, भालेवाले शिपाई, मागं भलं मोठं दार. प्रभाकररावांनी नियमाप्रमाणे आधी दिसतंय ते सगळं सांगितलं आणि मग निकाल दिला, "हा फार जुना. मूकपटाच्या काळातला. कपडे बघा ना."

सुरेश भियांनी माझं भिंग मागून घेतलं आणि नाक टेकेपर्यंत दारावर वाकले. "हे महाराज कोणत्या जमान्यातले असतील?"

"असतील हजार वर्षांपूर्वीचे."

"तो फिर इनके दरवाजे पे हमारी चिटकनी कैसे?"

दाराच्या खालच्या अंगाला, शिपायाच्या भाल्यामागं, खरोखरच एक चिटकनी होती! आपल्या बाथरूमच्या दाराला असते तशी. सुरेश भियांचं म्हणणं, अशी गोल मुठीची चिटकनी त्यांच्या वडिलांच्या वेळी दुकानात नवीन नवीन आली, तीही देश आझाद झाल्यावर. त्याच्या आधी मूठ चपटी यायची. "लिहून घ्या भिया, हा सिनेमा आझादीनंतरचा आहे."

आम्ही पेन्सिलीनं तेवढंच लिहिलं. पुढं खूप महिन्यांनी त्याच सिंहासनावर बसलेली एक राणी दुसऱ्या फोटोत सापडली. ती बाई स्वातंत्र्याच्या वेळी शाळकरी पोर होती, हे प्रभाकररावांना पक्कं ठाऊक होतं. शैलावहिनींनी पेन काढलं. आम्ही सुरेश भियांची पाठ थोपटत होतो, पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते अजून त्या दाराकडे बघत होते.

"बाहेर दुश्मन की फौज खड़ी है," ते हळहळून म्हणाले, "आणि राजासाहेबांनी एकच लावली! निदान वरती एक तरी लावायची."

•

माझाही एक सांगतो, छोटासा.

जिना. गोल वळत खाली येणारा, संगमरवरी, श्रीमंताच्या बंगल्यात असतो तसा. या जिन्यावरून आमच्या फोटोंमधे किती लोक उतरलेत! ड्रेसिंग गाऊन घातलेले वडील उतरलेत, दारू प्यायलेला भाऊ उतरलाय, मेणबत्ती धरलेलं भूत उतरलंय. एक पांढऱ्या पदराची म्हातारी त्याच जिन्यावर उभी राहून सुनेला घराबाहेर काढतेय. सगळे सिनेमे वेगळे, सगळे शेठ वेगळे. पण खालून तिसऱ्या पायरीचा कोपरा उडालेला, तो मी पकडला. जिथं जिथं जिना, तिथं तिथं तो कोपरा उडालेला! म्हणजे स्टुडिओ एकच. त्या एका खोटीवरून आम्ही फोटोंचा अख्खा गठ्ठा लावला. नोकरीत मी खोट काढली की साहेब चिडायचे, इथं टाळ्या मिळाल्या!

सुरेश भिया म्हणाले, "इतने सेठ उतर गए, एकाला पण मिस्त्री बोलवावासा वाटला नाही!"

•

मधे प्रभाकररावांचा मुलगा बेंगळुरूहून आला होता. मुलगा फार गुणी, वडिलांना मदत करायची हौस. म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढं भिंग लावून कशाला बसता? मशीन एका मिनिटात फोटो साफ करून देतं." आणि एका पुसट फोटोतली हीरोईन त्यानं लॅपटॉपवर अशी काही झकास करून दाखवली की आम्ही तोंडात बोटं घातली. गाल गुळगुळीत, पापण्या लांब, अंगावर गुलाबी रंग! प्रभाकररावांनी तर नावही जवळजवळ उच्चारलं.

मी आपलं सवयीनं भिंग लावलं. "हिचा कान कोणाचा आहे?"

जुन्या फोटोत कान वेगळा होता, लॅपटॉपवर वेगळाच. मशीनला कान पुसट दिसला असणार, तर त्यानं आपल्या मनचा एक चांगलासा बसवून दिला! आता तुम्हाला सांगतो, जुना चेहरा ओळखायचा तर कानावरून. भिवया कोरतात, केसांचा विग लावतात, गालाला रंग फासतात, वय झालं की चेहरा पार बदलतो. कानाकडे कोणाचं लक्ष नसतं, म्हणून कान आहे तसा राहतो. आमच्या मंडळींचा सगळा भरवसा कानावर.

नलूताई एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "अरे बाळा, जे होतं ते पुसून सुंदर कशाला करतोस? मला पुसट चालेल. पण तिचंच पाहिजे."

पोरगा बिचारा ओशाळला. जाताना मात्र त्यानं एक शहाणपणा केला. टेबलावर ठेवायचा चांगला पांढरा दिवा घेऊन दिला, आणि म्हणाला, "आजी, हा काही बदलणार नाही. फक्त दाखवेल." तोच दिवा आम्ही अजून वापरतो.

•

सांवेरचा किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

सुरेश भियांचं एक जुनं गिऱ्हाईक सांवेरकडचं, तिथले पटेल. त्यांचे आजोबा गावोगाव तंबू ठोकून सिनेमे दाखवायचे, आणि त्यांच्याकडे ट्रंकेत फोटो आहेत असं कळलं. आम्ही सगळे सुरेश भियांच्या गाडीतून गेलो. दोन्ही बाजूला सोयाबीन, पुढं ट्रॅक्टर, आणि आत प्रभाकररावांचं भाषण. नलूताई खिडकीपाशी बसल्या होत्या. तोवर त्यांना समोरचं नीट दिसेनासं झालं होतं, म्हणून चिमणीसारखी मान वाकडी करून कडेनं बघायच्या.

पटेलांकडे दाल-बाफल्यांचं जेवण झालं. मी म्हणतो, जेवण नव्हतंच ते, इन्स्पेक्शन होतं, पान रिकामं दिसलं की वाढ! मग बैठकीत आलो. भिंतीवर घरातले वडीलधारे ओळीनं फ्रेममधे, प्रत्येकाला हार. आणि मधोमध एका म्हातारीचा फोटो. पांढरा पदर, गळ्यात तुळशीची माळ, नजर वर देवाकडे.

प्रभाकररावांना चहाचा ठसका लागला. माझंही लक्ष गेलं आणि मी भिंत सोडून छत बघायला लागलो. ही तीच बाई! आमच्याकडे जिन्यावरून सुनेला घराबाहेर काढते ती!

आजोबांच्या ट्रंकेतला फोटो, कोणीतरी आपल्याच घरची समजून फ्रेम केला असणार. प्रभाकररावांनी तोंड उघडलं. दिसतंय ते बोलायचा नियम त्यांच्या जिभेवर आलाच होता, तेवढ्यात नलूताईंनी टीपॉयखालून त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

पटेलांच्या सूनबाईंनी फोटोला हात जोडले. "ये हमारी बड़ी माँ हैं. बहोत दयालु थीं. सब कहते हैं, मेरी सूरत इन्हीं पे गई है."

आणि काय सांगू तुम्हाला, परक्या घरून आलेली सून, पण खरंच गेली होती!

गाडीत बसल्यावर प्रभाकरराव फणफणले. "ताई, अहो, पण खरं काय ते सांगायला नको का?"

"तिथं दोन साक्षीदार झालेले आहेत," नलूताई म्हणाल्या. "एक ती, एक तिचा आरसा. पेननं लिहिलं गेलंय ते. आपण खोडायचं नाही."

पटेलांनी अख्खी ट्रंक आमच्या डिकीत ठेवून दिली होती, वर घरच्या गव्हाचं पोतं. अशी माणसं आहेत म्हणून आमचा उद्योग चालतो.

•

त्या ट्रंकेतला एक फोटो पुढच्याच रविवारी नलूताईंच्या हातात आला. जत्रेचा सीन, पुढं दोघं नाचतायत, मागं कमरेवर घागरी घेतलेल्या मुलींची रांग. त्यांनी नेहमीसारखा तळहात पुढच्या दोघांवर ठेवला. मान वाकडी केली. दिव्याखाली फोटो सरकवला.

"ही," त्या म्हणाल्या. "डावीकडून तिसरी."

आम्ही सगळे वाकलो.

"दिसतंय ते सांगते. सगळ्या पोरींचा भार दोन्ही पायांवर आहे. हिचा एकाच पायावर. दुसऱ्या पायाचा अंगठा जमिनीत खुपसलाय. आमची कमल अश्शीच उभी राहायची. आई रोज ओरडायची, कार्टे सरळ उभी राहा म्हणून."

"अगं, पेन आण! पेन आण!" प्रभाकरराव स्वैपाकघराकडे बघून ओरडले.

"पेन कशाला?" नलूताई म्हणाल्या. "साक्षीदार एकच आहे. आणि तोही हावरट. मला ती हवी आहे, म्हणून मला ती दिसत असेल."

"मग ताई, पेन्सिलीनं तरी लिहा."

"नाही. एवढी वर्षं थांबले ती पेन्सिलीसाठी नाही."

आणि त्यांनी आपल्या हातानं तो फोटो धर्मशाळेत ठेवला. मला त्या दिवशी आमच्याच नियमाचा भयंकर राग आला. कमलला बघितलेलं दुसरं माणूस आता जगात कोण होतं? साक्षीदार आणायचा कुठून? मी तसं बोलूनही दाखवलं, तर नलूताई म्हणाल्या, "दिघे, नियम आपला आहे. माझ्यापुरता वाकवला तर मग तिच्यापुरताही खोटा होईल."

मधे काही रविवार असेच गेले. निघताना त्या डबा उघडायच्या, मान वाकडी करून तो फोटो थोडा वेळ बघायच्या, परत ठेवायच्या. आणि मग एका रविवारी त्या आल्या आल्या, अगदी सहज सांगावं तसं म्हणाल्या, "आज मधलं काहीच दिसत नाहीये. कडेकडेचं तेवढं दिसतंय." शैलावहिनींनी गॅस बंद केला. सुरेश भिया उगाचच टेबल पुसायला लागले.

नलूताई खिडकीशी बसल्या आणि त्यांनी तो फोटो मागितला. कडेनं बघायचं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ऊन नेमकं त्यांच्या कानावर पडलं.

आता माझा धंदाच असला, मला दिसलं ते दिसलं. कानाच्या वरच्या काठाला बारीकशी खाच, ओल्या मातीत नख दाबावं तशी. आणि पाळी लोंबत नव्हती, सरळ गालाला चिकटलेली. हे मी कुठंतरी बघितलंय! कुठं बघितलंय? त्यांच्याच हातात होतं की ते!

मी तोंडातून शब्द काढला नाही. फोटो घेतला, भिंग प्रभाकररावांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "डावीकडून तिसरी. फक्त कान. दिसतंय ते बोला."

"वरच्या काठाला खाच आहे," ते म्हणाले. "पाळी चिकटलेली आहे."

"हां, खाच है," सुरेश भिया वाकून म्हणाले. "और पाळी एकदम चिपकी हुई."

"आता ताईंचा कान बघा."

"काय रे दिघे," नलूताई म्हणाल्या, "काय गेलंय माझ्या कानात?"

"काही नाही ताई. हलू नका."

प्रभाकरराव वाकले, सरळ झाले आणि त्यांनी चष्मा काढला. सुरेश भिया वाकले. उभ्या आयुष्यात त्या माणसाचा आवाज मी एवढा हळू ऐकला नव्हता. "दिघेजी, एकच साचा आहे." शैलावहिनी पदराला हात पुसत आल्या. त्यांना भिंग लागलं नाही. त्यांनी नलूताईंच्या कानावरून बोट फिरवलं, मग फोटोवरून फिरवलं, आणि ड्रॉवरकडे गेल्या.

ड्रॉवर उघडल्याचा आवाज नलूताईंनी ऐकला. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. खाच चाचपून बघितली. एवढ्या वर्षांत त्यांना ती माहीत नव्हती. स्वतःचा कान कोण बघतं हो!

"साक्षीदार मोजा," त्या म्हणाल्या.

"तुम्ही एक आणि आम्ही चार!" प्रभाकरराव म्हणाले.

"तुम्ही चौघांनी एकच खूण सांगितली. तुम्ही सगळे मिळून एक." त्यांनी डोळे पुसले. "मी पायावरून, तुम्ही कानावरून. झाले दोन. आणा इकडे पेन."

प्रभाकररावांनी फोटो पालथा केला आणि नलूताईंचं बोट धरून कडेवर टेकवलं. सिनेमाच्या नावाची जागा नलूताईंनी मोकळी सोडली, कारण ते आम्हाला अजून माहीत नव्हतं. त्याच्या खाली, तिरक्या होत जाणाऱ्या ओळीत, त्यांनी लिहिलं: मागची रांग, डावीकडून तिसरी. कमल दत्तात्रय भागवत. वडिलांचं नाव लिहिताना हात जरा थांबला. पण लिहिलं, पूर्ण लिहिलं.

मग शाई वाळावी म्हणून त्यांनी फुंकर घातली, पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांगा बघू, हीरोईन कोण आहे?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. इतके रविवार तो फोटो आमच्यासमोर निघत होता, आणि पुढच्या दोघांकडे आमच्यापैकी एकानंही बघितलं नव्हतं!